सरांची बशी

संग्रहालयात बाईंना सगळे 'नांगी' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. कवचधारी प्राण्यांच्या विभागाच्या त्या प्रमुख. खेकडे, कोळंब्या, झिंगे आणि भिंगाखाली धरल्याशिवाय ज्यांचं तोंड कुठं न् शेपूट कुठं हे कळत नाही असे त्यांचे असंख्य सोयरेधायरे, एवढा बाईंचा संसार, आणि तो सगळा स्पिरिटच्या बरण्यांत. दुसरा संसार त्यांनी मांडला नाही. बरण्यांतलं उडून गेलेलं स्पिरिट पुन्हा भरणारा एक जुना कर्मचारी होता, त्याला सगळे स्पिरिटमामा म्हणत. तो म्हणायचा, "लोक भांडताना एकमेकांची जात काढतात. आमच्या मॅडम पगार घेऊन काढतात."

ही नांगी बाईंना उशिरा फुटली. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना कोणी बाई म्हणत नसे. सरांच्या हाताखालची ती पोरगी, एवढीच ओळख. सर म्हणजे तेव्हाचे विभागप्रमुख. दरारा असा, की ते जिन्यात खोकले तर वरच्या मजल्यावरची माणसं खुर्चीत सरळ होऊन बसत. पोरीला त्यांनी पहिली दोन वर्षं नुसत्या बरण्या धुवायला लावल्या. मग एके दिवशी मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हणाले, "याच्या मागच्या पायावर केस किती आहेत मोज." तिने मोजून सांगितले. सर म्हणाले, "आता दुसऱ्या पायावरचे मोज. दोन्ही पाय सारखे असतात असं तुला कोणी सांगितलं?" असं शिकवणं. पण शिकवलं मात्र मन लावून, यात वाद नाही. बाई पुढे कितीही कडवट झाल्या तरी हे त्यांनी कधी नाकारलं नाही.

एका उन्हाळ्यात सर तिला घेऊन दगडाच्या खाणीपाशी असलेल्या एका पडीक विहिरीवर गेले. जमिनीखालच्या पाण्यात राहणारे जीव त्यांना हवे होते. सरांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते वर छत्री उघडून बसले आणि पोरगी कमरेला दोर बांधून, हातात जाळी घेऊन आत उतरली. पाणी इतकं गार की बोटं वळेनात. गाळाला लोखंडाचा वास. अर्ध्या वाटेवर तिचा पाय घसरला, खांदा दगडाला सोलवटला, वरून सर ओरडले, "जाळी सांभाळ!" जाळी तिने सांभाळली. तिच्या तळाशी एक पांढरा, नखाएवढा, बिनडोळ्यांचा जीव वळवळत होता.

परत आल्यावर तिने त्याचा पाय न् पाय सुटा करून चित्रं काढली, आजवर छापलेल्या सगळ्या भाऊबंदांशी त्याला ताडून पाहिलं आणि सगळे कागद सरांपुढे ठेवले. सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग डोळा न काढताच म्हणाले, "हे कोणाचंच नाही, पोरी. म्हणजे आपलं."

तिची आई तेव्हा इस्पितळात होती. छातीचं दुखणं, बरं होण्यातलं नव्हतं. पोरीने चित्र नेऊन दाखवलं. "आई, याला तुझं नाव देणार आहे मी."

आईने चित्र लांब धरून पाहिलं. "मेले, नाव द्यायला किडाच सापडला का तुला? एखादं फूल नाही मिळालं?"

"फुलं दुसऱ्या विभागात असतात."

"आणि हे डोळे कुठायत याचे?"

"आंधळा आहे तो. अंधारातच राहतो, त्याला डोळे लागतच नाहीत."

"अगंबाई!" आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक नर्सला धरून तिचं सुरू झालं. "माझं नाव पुस्तकात येणार आहे. किड्याला देतायत. आंधळा आहे, पण गुणी आहे हो." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं, चावतो का? तर आई म्हणाली, "नाव माझं आहे, चावेल कसा?"

आई गेली तेव्हा कागद सरांकडे होते. "राहू दे माझ्याकडे, एकदा नजर घालतो," असं म्हणून त्यांनीच ठेवून घेतले होते. मागचं सगळं आवरून पोरगी कामावर आली, तर टेबलावर संग्रहालयाच्या नियतकालिकाचा नवा अंक. आत विहिरीतला पांढरा जीव. चित्रं तिची, वाक्यं तिची, लेखक सर. एकटे. जिवाला नाव दिलं होतं सरांच्या मुलीचं. ती तेव्हा शाळेत होती, दोन वेण्या घालून कधीमधी वडिलांबरोबर यायची आणि पोरीकडे रिकाम्या बाटल्या मागायची. लेखाच्या शेवटी आभार होते. संग्रहालयाचे, गाडीच्या ड्रायव्हरचे, आणि 'विहिरीच्या काठावर दोर धरून मदत करणाऱ्या सहायिकेचे'.

पोरगी अंक घेऊन सरांच्या खोलीत गेली. त्यांच्यापुढे तो उघडून धरला.

सर खुर्चीतून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, तुझी आई गेली. तू कुठल्या मनःस्थितीत होतीस! म्हटलं, हिला आणखी त्रास नको, आपणच उरकून टाकावं. पुढच्या वेळी तुझं नाव घालू हं."

त्यांच्या शास्त्रात एक गोष्ट फार निर्दय असते. पहिल्यांदा जे नाव छापलं जातं तेच कायमचं. देव आला तरी बदलता येत नाही. पुढे बाईंनी कितीतरी नवे जीव शोधले, पण आईचं नाव त्यांनी एकालाही दिलं नाही. त्यातला एकही आईने पाहिलेला नव्हता, मग त्याला तिचं नाव देऊन काय करायचं?

नोकरी सोडून जाणार तरी कुठं? त्या कामाचा विभाग दुसरीकडे नव्हता. पोरगी राहिली. गप्प राहिली, वर्षांमागून वर्षं. मोजत राहिली, चित्रं काढत राहिली, आणि सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खोलीत जाऊन बसली. तोवर तिची बाई झाली होती.

सर निवृत्त झाले, पण गेले नाहीत. अशी माणसं जात नसतात. संचालकांनी त्यांना मानाने खिडकीजवळचं एक टेबल दिलं, आणि रोज सकाळी कडक इस्त्रीच्या शर्टात सर हजर व्हायला लागले. बाई त्यांना उठून नमस्कार करत, खुर्ची पुढे करत. आणि मग त्यांनी सरांच्या जाती बुडवायला घेतल्या.

हे बुडवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. एखाद्याने नवी म्हणून छापलेली जात खरं तर नवी नाहीच, जुन्याच जातीचा एखादा थोराड नर आहे किंवा अर्धवट वाढलेली मादी आहे, असं कोणी सिद्ध केलं, की ते नाव मरतं. पुस्तकात राहतं, पण मढ्यासारखं. सरांनी उमेदीच्या भरात भराभर नावं दिली होती, थोडी घाईच केली होती. बाईंनी एकेका जातीच्या मूळ नमुन्याची बरणी काढली, झाकण उघडलं, आणि केस मोजले. दोन्ही पायांवरचे.

प्रत्येक लेख छापून आला की बाई तो सरांना वाचून दाखवायच्या. सरांची नजर तोवर मंदावत चालली होती. दृष्टीच्या मधोमध एक राखाडी ठिपका धरला होता आणि तो पसरत होता. "सर, तुमचा तो नदीतला खेकडा," बाई म्हणायच्या, "तो पलीकडच्या नदीतलाच निघाला हो. ऐका." आणि शांत, स्वच्छ आवाजात वाचायला लागायच्या. एकही शब्द खोटा नसे. यातच खरी गंमत होती. सर मान खाली घालून ऐकत. एकदा फक्त म्हणाले, "ती कोळंबी तरी राहू द्यायचीस ग. लग्नाच्या वर्षी सापडली होती." बाई म्हणाल्या, "शास्त्र आहे, सर. तुम्हीच शिकवलंत."

सगळी नावं गेली. उरलं एक. विहिरीतला पांढरा. बाईंनी तोही काढून पुन्हा पाहिला, उलटा केला, सुलटा केला. पण तो खरा होता. नवा होता, वेगळा होता, कोणाचाही काही लागत नव्हता. त्याला बुडवायचं तर खोटं लिहावं लागलं असतं, आणि पोटात कितीही विष असलं तरी बाईंच्या हातून केस खोटे मोजणं झालं नसतं.

सर त्या दिवशी फार खुशीत होते. "बघ," ते बाईंना म्हणाले, "तू सगळं चाळून काढलंस, आणि शेवटी चाळणीत एकच राहिला. अस्सल माझा!"

बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला. कप पुढे ठेवताना त्यांचा हात स्थिर होता, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरांनी काम मागितलं. "काहीतरी दे ग. काहीही. घरी बसवत नाही. लेक चांगली आहे, पण ती मला टीव्हीसमोर बसवते आणि टीव्ही मला दिसत नाही."

बाईंनी एका काचेच्या बशीत समुद्रतळाच्या वाळूचा एक नमुना ओतून दिला. त्यातले जीव निवडून वेगळे करायचे, एकसारखे एका बाटलीत. नवशिक्याला देतात ते काम. सर मोठ्या भिंगावर नाक टेकवून दिवसभर बसले. राखाडी ठिपक्याच्या कडेकडेने जे दिसेल ते चिमट्याने उचलत राहिले. बाईंनी नंतर पाहिलं, तर सगळा गोंधळ. उवांसारखे चपटे एकीकडे असायला हवेत, तर त्यांच्यात खेकड्यांची पिल्लं, पिल्लांत शिंपल्याचे तुकडे. पुन्हा निवडत बसायला बाईंना वेळ नव्हता. वैतागून त्यांनी सगळ्या बाटल्या परत त्याच बशीत उपड्या केल्या आणि बशी कपाटात सरकवली.

सकाळी सर आले. "आज काय आहे?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं बाईंनी. पण बाहेर पडलं ते भलतंच. "नवा नमुना आहे, सर. जहाजावरून आलाय."

"कुठला?"

"दक्षिणेकडचा. खोल पाण्यातला."

सरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. बाईंनी कपाटातून कालचीच बशी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

असं ते सुरू झालं. रोज सर निवडत, आणि ते गेले की बाई ओतून एक करत. जहाज मात्र पुढे पुढे चाललं होतं. कधी ते प्रवाळाच्या बेटांपाशी असे, कधी बर्फाच्या कडेला. सुरुवातीला बाईंना त्रास वाचल्यासारखं वाटलं. पुढे त्या दिवसभर कामात असल्या तरी मनाच्या एका कोपऱ्यात संध्याकाळची वाट बघायला लागल्या. बाटल्या उपड्या करताना जो बारीक आवाज होई, तो त्यांना आवडायला लागला. हे त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही.

स्पिरिटमामाने एकदा पाहिलं. तो बरण्यांची गाडी ढकलत आला आणि दारातच थांबला. "मॅडम, ही बशी..."

"हं?"

"नाही, म्हटलं, बरीच टिकली."

"तुमच्या बरण्या भरून झाल्या का?"

"झाल्यातच जमा, मॅडम," म्हणत त्याने गाडी वळवली. पुन्हा तो त्या वेळेला तिकडे फिरकला नाही. पेन्शन जवळ आलेला माणूस, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात!

सरांची मुलगी एकदा मुद्दाम भेटायला आली. दोन वेण्यांची पोर आता चाळिशीतली, दमलेली बाई झाली होती. पर्स मांडीवर धरून, खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? बाबा घरी आले की जेवताना सांगत बसतात, आज जहाज कुठं होतं, काय निघालं. नकाशा काढायला लावतात मला. आई गेल्यापासून इतकं बोलताना पाहिलं नव्हतं मी त्यांना." तिचे डोळे भरून आले. "दुसरं कोणी असतं तर आंधळ्या म्हाताऱ्याला दारातूनच घालवलं असतं."

बाई तिच्याकडे पाहत होत्या. जगातल्या सगळ्या पुस्तकांत विहिरीतल्या जिवाला हिचं नाव होतं. आणि हिला बहुधा त्याला पाय किती असतात हेसुद्धा माहीत नव्हतं.

"गुरू आहेत ते माझे," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्यासाठी करते ते थोडंच आहे."

मग सरांना त्या बशीत एक नवा प्राणी सापडला. रोजच्याच बशीत. "अगं, धाव!" त्यांनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की बाजूच्या खोलीतली माणसं डोकावली. चिमट्याच्या टोकाला काहीतरी पारदर्शक, नाजूक, काचेसारखं होतं. बाईंनी एका नजरेत ओळखलं. ती कात होती. कवच अंगाला आवळायला लागलं की हे जीव ते सोडून देतात, आणि मागे रिकामा सांगाडा उरतो, पायांच्या आकारासकट. आत कोणी नसतं.

"मी असं कधीच पाहिलं नाही," सर म्हणाले. "तू पाहिलंयस?"

"नाही, सर."

"लिहून घेशील? मी सांगतो. माझ्याने आता लिहवत नाही."

आठवडाभर सर सांगत होते आणि बाई समोर बसून कागदावर पेन्सिल फिरवत होत्या. रेघोट्या, गोल, जे हाताला येईल ते. सर एकेका शब्दापाशी थांबत, मागचं वाक्य वाचून दाखवायला सांगत, आणि बाई आठवणीतून ते वाचल्यासारखं म्हणून दाखवत. शेवटी सर म्हणाले, "आणि लेखावर या वेळी तुझंही नाव घालायचं हं. दोघांचं." बाईंची पेन्सिल थांबली. पण क्षणभरच.

त्याच सुमारास सरांना ऐंशी पूर्ण झाली, आणि संचालकांनी सत्काराचा घाट घातला. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सरांची मुलगी. स्वागताचा गुच्छ विभागप्रमुख या नात्याने बाईंनीच द्यायचा होता. तो त्यांनी दिला, टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणालं, सर, तुमच्या सर्वांत मोठ्या शोधाबद्दल सांगा.

सर माइकला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. आणि त्यांनी विहीर सांगितली. दोर कमरेला कसा काचत होता, पाणी किती गार, बोटं कशी वळेनात. पाय घसरला तो क्षण. "खांदा असा सोलवटला," ते म्हणाले आणि स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. त्या जागेवरची खूण बाईंच्या खांद्यावर होती. "आणि गाळाला वास येत होता, लोखंडासारखा. तो वास आजही माझ्या नाकात आहे. पण जाळी मी सोडली नाही!" सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. "आणि वर दोर धरून कोण होतं, माहितीये?" सरांनी अंदाजाने बाईंच्या दिशेने हात केला. "आमच्या या बाई. तेव्हा एवढीशी पोर होती. हिने दोर सोडला असता तर आज मी तुमच्यापुढे नसतो."

सगळ्यांनी वळून बाईंकडे पाहिलं. संचालक हसले. सरांची मुलगी रुमालाने डोळे पुसत होती. बाईंना उभं राहून हात जोडावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नेहमीसारखे आले. शर्टाच्या खिशाला कालचं एक फूल तसंच होतं. "जहाज कुठं आहे आज?" त्यांनी खुर्ची चाचपत विचारलं.

बाईंनी बशी त्यांच्यापुढे ठेवली. "जहाज नाहीये, सर."

"म्हणजे? आज आलं नाही?"

"कधीच आलं नव्हतं. ही कालचीच बशी आहे. परवाही हीच होती. तुम्ही निवडता, आणि तुम्ही गेलात की मी परत एकत्र करते."

सरांच्या हातात चिमटा होता. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, आणि पुन्हा उचलला, जणू कुठं ठेवायचा ते ठरत नव्हतं. "केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"पण तो नवा..."

"ती कात होती. साधी, नेहमीच्या जातीची. मी काही लिहून घेतलं नाही. कागदावर नुसत्या रेघोट्या आहेत."

सरांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. डोळे मात्र थोडे बाजूला लागले होते, कडेने बाईंना शोधत. "का ग?" ते म्हणाले. त्या विचारण्यात राग नव्हता, हे बाईंना सहन झालं नाही.

"विहिरीत मी उतरले होते, सर." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता ते कोणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटलं. "तुम्ही वर होतात. छत्री घेऊन. चित्रं माझी होती, लिहिलेलं माझं होतं. त्याला माझ्या आईचं नाव द्यायचं होतं. ती मरताना सगळ्या नर्सना सांगत होती."

सर विचारात पडले. खरोखर विचारात पडले. आठवणीत इकडे तिकडे हात घालून शोधताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. बाई वाट पाहत राहिल्या. लाज, खोटं, सबब, काहीही चाललं असतं.

"नाही ग," शेवटी सर मऊ आवाजात म्हणाले. "तुझा काहीतरी घोटाळा होतोय. मी उतरलो होतो. तो गार पाण्याचा चटका... मला अजून आठवतो ना."

त्यांना आठवतच होता. ते खोटं बोलत नव्हते. छापलेलं वाचत वाचत, सांगत सांगत त्यांनी तिची विहीर पुरती आपली करून टाकली होती, गारठ्यासकट, वासासकट. चोराला चोरीच आठवत नसेल तर शिक्षा करायची कुणाला? इतके महिने बाई ज्याला शिक्षा करत होत्या तो माणूस कधीच निघून गेला होता. खुर्चीत होता तो एक आंधळा म्हातारा. त्याला बर्फाच्या कडेला गेलेलं जहाज आवडायचं.

पण बाईंना तिथं थांबता आलं नाही. "तुमच्या डोक्यात आहे ते सगळं माझं आहे," त्या म्हणाल्या. "ते काढून टाकलं तर तुमचं स्वतःचं काय उरतं, सांगा ना. एक जात सांगा."

सर उठले. दार डाव्या हाताला होतं, ते उजवीकडे गेले आणि कपाटाला थडकले. बरण्या किणकिणल्या. बाई बसून होत्या. स्पिरिटमामा धावत आला आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. जाताना त्याने एकदा वळून बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी नजर खाली घेतली नाही.

सर परत आले नाहीत. बाईंनी बशीतली वाळू फेकून दिली आणि खिडकीजवळच्या टेबलावर बरण्या रचून ठेवल्या.

पावसाळा सरता सरता त्यांची मुलगी आली. बाईंना वाटलं, आता ही भांडणार. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. पण ती पहिल्यासारखीच खुर्चीच्या कडेवर बसली.

"बाबांनी काही सांगितलंच नाही, ताई. नुसतं म्हणाले, काम संपलं. मग जेवण टाकलं, बोलणं टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटलं, आता काही खरं नाही." ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "एक दिवस मला सुचलं. ताटात तांदूळ आणि मसूर एकत्र करून त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, बाबा, जरा निवडून देता का? आणि लागले की हो निवडायला! आता रोज करतात. संध्याकाळी मी सगळं पुन्हा मिसळून ठेवते."

बाईंनी पुढ्यातली बरणी बाजूला सरकवली.

"मला आधी पाप वाटायचं. बापाला फसवतेय असं. म्हणून एकदा सांगूनच टाकलं, बाबा, हे रोजचंच आहे हो. तर हसले. म्हणाले, दुसऱ्याच्या हातचं चाललं, मग तुझ्या हातचं का नाही चालणार? म्हणजे काय ते मला काही कळलं नाही, ताई. तुम्हाला कळलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"बोलण्यात थोडा गोंधळ होतो आता त्यांच्या." मुलीने घसा साफ केला. "मी एका कामासाठी आले होते. त्यांचा चिमटा इथं राहिलाय ना? बोटांनी दाणे नीट उचलता येत नाहीत त्यांना. बाजारातला आणून दिला, तर म्हणतात हा आपला नाही. तेवढा मिळाला असता तर..."

चिमटा बाईंच्या ड्रॉवरमध्ये होता. बारीक टोकाचा, सरांच्या बोटांच्या जागी घासून गुळगुळीत झालेला. ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याला लागून होता. उघडायला एक हात पुरला असता.

"तो संग्रहालयाचा आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर नंबर आहे. असा देता येत नाही."

"अर्ज केला तर?"

"संचालकांच्या परवानगीशिवाय काही बाहेर जात नाही. आणि ते अशा गोष्टींना देत नाहीत."

मुलगी घाईघाईने उठली, आपणच काही चुकीचं मागितल्यासारखी. "नाही, नाही, नियम म्हणजे नियमच. तुम्ही आधीच इतकं केलंत त्यांच्यासाठी." आणि वाकून तिने बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला आणि गेली.

तिची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी स्पिरिटमामाला हाक मारली, चिमटा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा मोडीत काढा."

मामाने चिमट्याची टोकं उजेडात धरून पाहिली. "मॅडम, चांगला आहे की अजून. टोकाला टोक बरोबर लागतंय."

"मी काय सांगितलं?"

"मोडीत," मामा म्हणाला. फुटक्या बरण्यांच्या पिंपात त्याने चिमटा टाकला, आणि बाईंनी पुढ्यातल्या खेकड्याचं कवच उलटं करून कामाला सुरुवात केली.